किनारी प्रवासासाठी पहिली शीडनौका निवडताना

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सागरी प्रवासाविषयीचे लेख आणि छोट्या नौकांतून केलेल्या मोठ्या सफरींच्या बातम्या आपण अधूनमधून प्रसिद्ध करता. त्या वाचून स्वतःची शीडनौका घ्यावी आणि किनाऱ्याकिनाऱ्याने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जावे, अशी इच्छा अनेकांच्या मनात निर्माण होते आणि ती मला अतिशय स्वागतार्ह वाटते. परंतु अशा नवशिक्यांशी बोलताना एक समज वारंवार कानी पडतो. आपल्याला काही महासागर ओलांडायचा नाही, जमीन कायम नजरेच्या टप्प्यात राहणार आहे, तेव्हा आत झोपायची सोय असलेली कोणतीही बरी दिसणारी छोटी नौका आपल्याला पुरेल, असा तो समज आहे. पहिल्या नौकेची निवड या समजावर बेतली गेली तर ती धोक्याची ठरते, असे मला ठामपणे म्हणायचे आहे, आणि त्यामागची कारणे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रॉबर्ट मॅन्री या वृत्तपत्रात काम करणाऱ्या अमेरिकी गृहस्थाने १९६५ साली ‘टिंकरबेल’ नावाच्या साडेतेरा फुटी नौकेतून ७८ दिवसांत अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडला. एवढीशी नौका महासागर पार करते, मग किनाऱ्यालगत तर ती सहजच चालेल, असा निष्कर्ष अशा उदाहरणांतून काढला जातो, आणि तो उलटा आहे. भर समुद्रात वादळ आले तर शिडे उतरवून, सागरी नांगर, म्हणजे पाण्याला अडून गती रोखणारी कापडी छत्री, पाण्यात सोडून नौकेला वाहू देता येते, कारण आदळण्यासारखे तेथे शेकडो मैल काहीच नसते. किनाऱ्यालगत ही मोकळीक मिळत नाही. वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असेल आणि किनारा ६ सागरी मैलांवर असेल, तर ताशी २ मैलांच्या गतीने वाहत जाणारी नौका ३ तासांत खडकांवर किंवा फुटणाऱ्या लाटांमध्ये पोहोचते. वाऱ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या अशा किनाऱ्यापासून स्वतःच्या शिडांवर बाहेर निघता येणे, ही किनारी नौकेची पहिली पात्रता आहे. बाकीच्या सगळ्या गोष्टी तिच्यानंतर येतात.

कोणतीही शीडनौका थेट वाऱ्याच्या तोंडावर चालू शकत नाही. चांगली प्रवासी नौका वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळणे घेत पुढे सरकते. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेला १० मैल अंतर कापायचे असेल तर तिला सुमारे १४ मैल चालावे लागते. हा हिशेबही आदर्श स्थितीचा आहे, कारण वारा नौकेला त्याच वेळी आडवी ढकलत असतो. पाण्यातून ४ नॉट, म्हणजे ताशी ४ सागरी मैल, वेगाने चालणाऱ्या नौकेची आडवी घसरण ५ अंशांची असेल, तर वाऱ्याच्या दिशेने तिची खरी प्रगती सुमारे अडीच नॉट होते. तीच घसरण १५ अंशांची असेल, तर प्रगती २ नॉटांवर येते. आखूड, उभ्या लाटांमुळे वेग ३ नॉटांवर उतरला तर हाती दीडच नॉट उरतो, आणि त्यातच भरतीचा किंवा ओहोटीचा प्रवाह दीड-दोन नॉट वेगाने विरुद्ध असेल, तर नौका शिडे ताणून, फेस उडवत, कमालीची धडपड करत जागच्या जागी उभी असते. दोन नौकांतला हा फरक किनाऱ्यावर उभे राहून डोळ्यांना दिसत नाही आणि विक्रीच्या जाहिरातीत तो कधीच लिहिलेला नसतो.

हा फरक प्रामुख्याने नौकेच्या पाण्याखालच्या भागात, म्हणजे तळाखाली उतरणाऱ्या कीलमध्ये असतो. म्हणून नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ कील समजून घेण्यात घालवावा, असे मी सुचवीन. नाळेपासून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत जाणारी लांब कील नौकेला सरळ रेषेत ठेवते, सुकाणूला संरक्षण देते आणि उथळ जागी टेकली तरी सहसा मोठे नुकसान होऊ देत नाही. मात्र अशी नौका सावकाश वळते, आणि बंदरात इंजिनावर मागे घेताना ती चालवणाऱ्याचा संयम पाहते. १९४२ च्या सुमारास स्कँडिनेव्हियात आकाराला आलेली नॉर्डिक फोकबोट हे या घडणीचे नामांकित उदाहरण आहे. तिची लांबी ७.६८ मीटर, ड्राफ्ट म्हणजे तरंगायला लागणारी पाण्याची खोली १.२० मीटर आणि वजन सुमारे १,९३० किलो आहे. त्यातले निम्म्याहून अधिक वजन बॅलास्टच्या, म्हणजे नौकेला ताठ ठेवणाऱ्या भाराच्या, रूपाने तळाशी असते, आणि म्हणूनच ही लहानशी, अरुंद, आत वाकूनच बसावे लागणारी नौका जोराच्या वाऱ्यात आपल्यापेक्षा मोठ्या नौकांच्या बरोबरीने वाऱ्यावर, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे, चढत जाते. उभ्या पात्यासारखी आखूड व खोल फिन कील वाऱ्यावर त्याहूनही चांगली चालते आणि चटकन वळते. तिच्या मागे बहुधा सुटे लोंबणारे सुकाणू असते, त्यात जाळी आणि दोर अडकू शकतात. शिवाय ही कील खडकावर आपटली, तर तो धक्का कीलच्या बोल्टांवर आणि त्यांच्या आसपासच्या तळावर येतो.

दोन बाजूंना दोन कील असलेल्या नौकांविषयी, ज्यांना बिल्ज कील म्हणतात, माझे मत पुष्कळ अंशी अनुकूल आहे. १९६९ साली आलेली २६ फुटी वेस्टर्ली सेंटॉर ही त्यांतली सर्वांत परिचित नौका असून तिच्या दोन हजारांहून अधिक प्रती बांधल्या गेल्या. तिचा ड्राफ्ट जेमतेम ३ फूट असल्याने ती उथळ खाड्यांत शिरते आणि ओहोटीला पाणी गेले की चिखलावर दोन पायांवर सरळ उभी राहते. किनारी प्रवासात हे मोठे सुख आहे, कारण आश्रयाच्या पुष्कळशा जागा ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या असतात. वाऱ्याच्या दिशेने ती फिन कीलच्या नौकेपेक्षा थोडी मागे पडते, हे मान्य करूनच ती घ्यावी आणि किनाऱ्यापासूनचे अंतर ठरवताना तेवढी जास्त जागा राखून ठेवावी.

वर उचलता येणाऱ्या कीलच्या नौकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. अमेरिकेत १५ हजारांहून अधिक संख्येने बांधल्या गेलेल्या कॅटलिना २२ या नौकेची मूळची कील बिजागरीवर फिरणारी होती. कील वर असताना तिला २ फुटांहून कमी आणि खाली असताना ५ फूट पाणी लागते. ती गाडीमागे ट्रेलरवर ओढून नेता येते आणि त्यामुळे हजारो कुटुंबे शिडांकडे वळली, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु कील उचलणारी तार, तिची चरखी आणि बिजागरीचा बोल्ट हे सतत झिजणारे भाग आहेत आणि त्यांतले काही पाण्याखाली असल्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. समुद्रात कील पक्की अडकवून ठेवण्याची सोय नसेल, तर नौका फार कललेल्या क्षणी ती आत मिटण्याची भीती असते. खाड्या, सरोवरे आणि आडोशाचे पाणी यांसाठी अशी नौका उत्तम आहे. उघड्या किनाऱ्यावर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचे असेल, तर पहिली नौका म्हणून मी स्थिर कीलचीच शिफारस करीन.

स्थैर्याविषयी बोलताना ऑगस्ट १९७९ मधील, इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या शीडनौकांच्या फास्टनेट शर्यतीचा उल्लेख करावाच लागतो. त्या वेळी निघालेल्या ३०३ नौकांवर वादळ कोसळले, शर्यतीतील १५ जणांचा मृत्यू झाला आणि अनेक नौका उलट्या झाल्या. सर्वांत लहान नौकांच्या गटातून शर्यत पुरी करणारी एकमेव नौका ‘असेंट’ ही काँटेसा घडणीची ३२ फुटी नौका होती. ती अरुंद, वजनदार आणि भरपूर बॅलास्टची होती. त्या दुर्घटनेनंतर रुंद व हलक्या नौका उलट्या झाल्यावर तशाच पडून राहण्याचा धोका गांभीर्याने अभ्यासला गेला. रुंद नौका बंदरात उभी असताना कमी डुलते आणि म्हणून नवख्या माणसाला ती अधिक सुरक्षित वाटते, परंतु सुरुवातीचे हे ताठपण आणि लाटेने आडवी केल्यावर पुन्हा उभे राहण्याची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

युरोपात १९९८ पासून नव्या नौकांना, त्या कोणत्या पाण्यासाठी योग्य आहेत हे सांगणाऱ्या, अ, ब, क, ड अशा चार श्रेणी सक्तीने दिल्या जातात. त्यांतली तिसरी, किनाऱ्याजवळची श्रेणी वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापाच्या ६ पर्यंतचा वारा, म्हणजे २७ नॉटांपर्यंत, आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा धरून ठरवलेली आहे. चौथी श्रेणी केवळ आडोशाच्या पाण्यासाठी आहे, आणि त्या श्रेणीची नौका घेऊन उघड्या किनाऱ्यावर जाऊच नये. श्रेणीची पाटी पाहणे उपयोगाचे असले, तरी नौका वाऱ्यावर किती चढते हे ती पाटी सांगत नाही, आणि १९९८ पूर्वीच्या उत्तमोत्तम नौकांवर ती पाटीच नसते.

आता आकाराविषयी. माझ्या मते नवशिक्याच्या पहिल्या किनारी नौकेची लांबी २२ ते २७ फुटांच्या दरम्यान असावी. नौकेचा कमाल वेग तिच्या पाणरेषेच्या, म्हणजे पाण्याच्या पातळीवरील भागाच्या, लांबीवर अवलंबून असतो. ही लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की तो वेग नॉटांत मिळतो. २० फूट पाणरेषेच्या नौकेसाठी तो ६ नॉट येतो, पण दिवसभराची सरासरी ४ नॉट मिळाली तरी ती चांगली म्हणावी. याचा अर्थ ६-७ तासांच्या प्रवासात २५ सागरी मैल होतात, आणि उजेड असताना निघून उजेड असतानाच नांगर टाकायचा असेल, तर दोन मुक्कामांतले अंतर एवढेच ठेवावे लागते. याहून मोठी नौका थोडी अधिक वेगाने जाते, परंतु तिची शिडे, दोर, नांगर आणि धक्क्याला लागताना येणारे जोर लांबीच्या प्रमाणापेक्षा कितीतरी वेगाने वाढतात. सोबतचा एक माणूस बोट लागून निपचित पडला, तर उरलेल्या एकाला सर्व काही करता आले पाहिजे, या कसोटीवर लांबी ठरवावी.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटांचा वारा २० नॉटांचा झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. म्हणून शीड लहान करणे, ज्याला रीफ करणे म्हणतात, हे एका माणसाला काही मिनिटांत, हलत्या नौकेवर आणि ओल्या हातांनी जमले पाहिजे. नौका पाहायला जाल तेव्हा मोठ्या शिडाला रीफच्या किमान दोन ओळी आहेत का, त्यांचे दोर जागेवर आहेत का आणि ते ओढायला बसण्याच्या जागेतून उठून किती लांब जावे लागते, हे प्रत्यक्ष करून पाहावे. पुढचे शीड गुंडाळून लहान करण्याची सोय आता बहुतेक नौकांवर असते आणि ती सोयीची आहेच, पण अर्धे गुंडाळलेले शीड फुगीर होते आणि वाऱ्यावर चढण्याची नौकेची ताकद नेमकी जेव्हा हवी असते तेव्हा कमी करते. त्यामुळे जाड कापडाचे एक लहान शीड वेगळे ठेवलेले असेल, तर त्या मालकाने नौका समजून वापरली आहे, असे मी मानतो.

किनाऱ्यावरून निघण्यासाठी इंजिन आहेच की, असे उत्तर मला पुष्कळदा मिळते. इंजिन हवे, याबद्दल वाद नाही. परंतु या आकाराच्या अनेक नौकांना मागच्या बाजूला लटकवलेले आउटबोर्ड इंजिन असते आणि मोठ्या लाटांत नौकेचे नाक खाली गेले की त्याचा पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता फिरतो. लांब दांड्याचे आउटबोर्ड घेतले तर हा त्रास कमी होतो, पण पुरता जात नाही. आत बसवलेले डिझेल इंजिन या बाबतीत चांगले, मात्र जुन्या टाकीच्या तळाशी साचलेला गाळ लाटांनी ढवळला जाऊन फिल्टर तुंबतो, आणि इंजिन बंद पडते ते शांत पाण्यात नव्हे तर नेमके खवळलेल्या समुद्रात. पाण्यात सोडलेला दोर पंख्यात अडकणे ही तर किनारी पाण्यातली नित्याची गोष्ट आहे. इंजिनाच्या भरवशावर वाऱ्यावर न चालणारी नौका घेणारा माणूस आपली सारी सुरक्षितता एका फिल्टरवर सोपवत असतो.

नांगराविषयी थोडक्यात सांगतो. नौकेसोबत मिळालेला नांगर बहुधा लहान असतो आणि दोर त्याहून अपुरा. पाण्याची खोली, भरतीने वाढणारे पाणी आणि नाळेची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करून, साखळी असेल तर त्या बेरजेच्या पाचपट आणि दोर असेल तर सातपट लांबी सोडावी लागते. ४ मीटर पाणी, २ मीटर भरती आणि १ मीटर नाळ धरली तर दोर ४९ मीटर हवा. दुसरा नांगर नौकेवर असणे ही चैन नव्हे.

पहिली नौका वापरलेली घ्यावी, असे मी सर्वांना सांगतो. फायबरग्लासच्या नौका नीट राखल्या तर कित्येक दशके टिकतात, आणि ज्या घडणीच्या नौका मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या, त्यांचे गुणदोष सर्वांना ठाऊक असतात. तपासणीत डोळे कोठे लावायचे, हेही कळलेले असावे. डोलकाठीला आधार देणाऱ्या स्टीलच्या तारा बाहेरून चकचकीत असल्या तरी साधारण १० ते १५ वर्षांनी बदलाव्या लागतात, आणि त्या केव्हा बदलल्या हे मालकाला सांगता येत नसेल, तर त्या बदलायच्याच आहेत असे धरावे. त्या तारा नौकेला जेथे जोडल्या जातात तेथून डेकमध्ये पाणी मुरते, आणि दोन थरांमधले बाल्साचे लाकूड किंवा प्लायवुड कुजते. डेकवर एखाद्या हत्याराच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकत गेल्यास कुजलेल्या जागी खणखणीत आवाजाऐवजी बोदा आवाज येतो, आणि चालताना पायाखाली डेक दबला तर आत काय झाले आहे ते उघडच असते. कीलच्या बोल्टांभोवतीचा गंज, कील आणि तळ यांच्या सांध्यातली चीर, हाताने हलवल्यावर खडखडणारे सुकाणू आणि मागच्या फळीवर इंजिनाच्या आसपासच्या भेगा, ही खरोखर चिंतेची लक्षणे आहेत. याउलट, तळावर आलेले बारीक फोड पाहून नवशिके फार घाबरतात, वास्तविक त्यांमुळे नौका बुडाल्याचे क्वचितच घडते. स्वयंपाकासाठी गॅस असेल तर त्याची नळी आणि सिलिंडरचा कप्पा बारकाईने पाहावा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास नौकेच्या तळाशी साचून राहतो. व्यवहार पक्का करण्यापूर्वी नौका पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासून घेणे मी अनिवार्य समजतो, मग विकणारा कितीही सज्जन आणि ओळखीचा असो.

आतल्या सोयींना मी शेवटी आणले ते त्या क्षुल्लक आहेत म्हणून नव्हे. ओले, थकलेले आणि उपाशी माणूस चुकीचे निर्णय घेते, म्हणून कोरडी झोपण्याची जागा आणि काही गरम करून घेण्याची सोय हवीच. परंतु २४ फुटी नौकेत ताठ उभे राहता यावे असा आग्रह धरला की तिच्या भिंती आणि छत उंच होतात, ती उंची वाऱ्याला आयते शीड पुरवते, आणि आपण ज्या गुणासाठी नौका शोधत होतो तोच गुण गमावतो. बंदरात आत बसून पाहताना जी नौका सर्वांत प्रशस्त वाटते, ती जोराच्या वाऱ्यात बहुधा सर्वांत निकामी निघते. कुटुंबासह नौका पाहायला जाणाऱ्यांना हे पटवणे मला नेहमीच कठीण गेले आहे, आणि तरीही मी ते सांगत राहतो.

ज्यांनी अजून शीड हाती धरलेले नाही, त्यांनी प्रथम एखाद्या क्लबात डिंगीवर, म्हणजे लहान उघड्या शीडनौकेवर, शिकावे. तिथे वाऱ्याचा प्रत्येक बदल शरीराला कळतो, आणि मग मोठ्या नौकेची चाचणी घेताना काय पाहायचे ते समजते. ती चाचणी १५ नॉटांच्या आसपास वारा असलेल्या दिवशी मागावी, मंद झुळकेच्या संध्याकाळी नव्हे. सर्व शिडे लावून, नंतर एक रीफ घेऊन, नौका वाऱ्याला जितकी जवळ धरता येईल तितकी धरावी. मागे वळून तिने पाण्यात सोडलेल्या रेषेकडे पाहावे, म्हणजे ती किती आडवी घसरते ते दिसते. वळताना ती अडते का, सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी ओढावा लागतो का, पुढचे शीड काढून केवळ मोठ्या शिडावर ती वाऱ्यावर चढते का, हे पाहावे. अशी चाचणी द्यायला मालक तयार नसेल, तर दुसरी नौका शोधावी.

संपादक महोदय, आपणास एक विनंती आहे. छोट्या नौकांविषयी यापुढे काही प्रसिद्ध कराल, तेव्हा आत किती जण झोपू शकतात यासोबत तिची कील कोणत्या प्रकारची आहे, ड्राफ्ट किती आहे, एकूण वजनात बॅलास्टचा वाटा किती आहे आणि लेखकाने ती जोराच्या वाऱ्यात वाऱ्याच्या दिशेने चालवून पाहिली आहे का, एवढी माहिती अवश्य द्यावी.

आपला नम्र,
शीडनौकांचा एक अभ्यासू वाचक